वेगळं ताट

"माझ्या लेकाचाही नमुना घ्या, म्हणजे कुणाचं पाप ते कळेल," असं इंदुबाईंनीच ठणकावून सांगितलं होतं. आता दवाखान्यातलं यंत्र त्यांच्या मुलाच्या आणि सुनेच्या जखमांमधले जंतू वाचत होतं. कुठले जंतू आधीचे आणि कुठले त्यांच्यापासून पुढे वाढलेले, हे त्याला कळत असे.

पडद्यावर रेषा उमटली. ती मुलापासून, संदेशपासून निघून सुनेपर्यंत, केतकीपर्यंत आली होती.

संदेशने मान खाली घातली. इंदुबाई म्हणाल्या, "यंत्रच ते, चुकतंही."

"डोनोव्हॅनोसिस आहे, शरीरसंबंधातून पसरणारा आजार. क्वचितच दिसतो, पण बरा होतो," डॉक्टर तांबोळी म्हणाल्या. "जखमा पूर्ण भरेपर्यंत दोघांनीही गोळ्या घ्यायच्या."

"झालं तर मग. चल गं घरी," म्हणत सासूबाई उठल्या.

केतकी जागची हलली नाही. "माझं दुखणं कळल्यापासून माझं ताट न्हाणीपाशी वेगळं मांडताय ना, आई? आजपासून यांचंही तिथंच मांडा."

"अहो, जेवणाखाण्यातून हा आजार पसरत नाही," डॉक्टर घाईने म्हणाल्या.

"मीही घरी रोज तेच सांगत होते, डॉक्टर," केतकी म्हणाली. "पण आमच्या घरात पसरतो."