रफार

पेंटरने पाटी फाटकावर ठोकली आणि शिडीवरून उतरून, दोन पावलं मागे सरून ती पाहिली. हिरव्या रंगावर पांढरी ठसठशीत अक्षरं: 'निर्सग हीच शाळा'.

मालकाने चिठ्ठीवर असंच लिहून दिलं होतं. रफार 'ग'वर हवा होता, तो 'स'वर जाऊन बसला होता. चिठ्ठी हातात पडली तेव्हाच पेंटरला ते दिसलं. पण एकदा एका दुकानदाराचं शुद्धलेखन सुधारून त्याने शिव्या खाल्ल्या होत्या. तेव्हापासून गिऱ्हाईक लिहून देईल ते उतरवायचं, हा त्याचा नियम. तो पाळताना आजच्याइतका आनंद त्याला कधी झाला नव्हता.

मालक निसर्गाच्या कुशीत घर बांधत होता. म्हणजे चिखल त्याची बायको तुडवत होती, भिंत गवंडी चढवत होता आणि माती कशी श्वास घेते ते मालक आल्यागेल्याला सांगत होता. भिंत दोनदा कोसळली होती. तो मातीचा स्वभाव आहे, असं तो म्हणे. नऊ वर्षांच्या मुलीला त्याने शाळेत घातलं नव्हतं. अक्षरं आतून उमलावी लागतात, वरून लादायची नसतात, असं त्याचं मत होतं. स्वतः दोन पदव्या वरून लादून घेतल्यावर त्याला हे आतून सुचलं होतं.

मुलगी उमलायची वाट बघत बसली नव्हती. पाहुण्यांना कळावं म्हणून मालकाने झाडाझाडावर पाट्या लावून घेतल्या होत्या. पेरूवर 'पेरू', चिंचेवर 'चिंच'. झाडं तिला ठाऊक होती, त्यावरून तिने अक्षरं ओळखली. चार दिवस ती पेंटरच्या मागेमागे फिरत होती. पायवाटेसाठी 'मार्ग' लिहिताना तिने विचारलं, "काका, 'ग'च्या डोक्यावर हे काय?"

"तो र. बोलताना 'ग'च्या आधी येतो, लिहिताना त्याच्या डोक्यावर बसतो."

"का?"

"आयतोबा आहे म्हणून," पेंटर म्हणाला. त्याची नजर मालकाकडे गेली होती.

तिने मातीत बोटाने पाच वेळा र्ग काढला आणि पाचही वेळा पायाने पुसला. "बाबांना सांगू नका हं. मला येतं हे कळलं तर ते पाट्या काढून टाकतील."

आता फाटकाबाहेर मोटार थांबली. एक नवरा-बायको उतरले, बायकोच्या कडेवर लहान मूल. त्यांनाही शहर सोडून इथे यायचं होतं. मालक हात पसरून पुढे गेला. चिखलात गुडघाभर उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे त्याने लांबूनच बोट दाखवलं, गवंड्याकडे तेही नाही. मग मुलीला खांद्याला धरून पुढे आणलं.

"नऊ वर्षांची आहे. एक अक्षर दाखवलेलं नाही तिला. डोळे बघा, किती स्वच्छ."

पाहुणीने वाकून डोळे पाहिले, विकत घ्यायची वस्तू पाहावी तसे. "खरंच वाचता येत नाही? काय लिहिलंय गं या पाटीवर?"

मुलीने पाटीकडे पाहिलं, मग बाबांकडे. "मला वाचता येत नाही."

मालक फुलून गेला.

मुलगी गप्प राहिली असती तर सगळं निभावलं असतं. पण तिला राहवेना. "पण र चुकलाय. तो 'स'च्या डोक्यावर बसलाय. 'ग'च्या हवा."

पाहुणा आधी हसला, मग पाटी नीट वाचून आणखी हसला. मालकाचे कान लाल झाले. त्याने जवळचा गरीब माणूस शोधला आणि त्याला तो लगेच सापडला.

"काय हे, पेंटर? शाळेत गेला होतात की नाही?"

"चौथीपर्यंत, साहेब," पेंटर म्हणाला. त्याने खिशातून चिठ्ठी काढली. मालकाने हात पुढे केला होता, पण चिठ्ठी पेंटरने मुलीच्या हातात दिली. "बाबांनी काय लिहून दिलंय, बघ."

मुलीने पाहिलं. "इथेही 'स'च्याच डोक्यावर आहे," ती हळूच म्हणाली आणि तिने कागद उलटा केला.

मालक कोरा कागद कधी वापरत नसे. कागदासाठी झाड मरतं, म्हणून घरात जो कागद सापडेल त्याच्या पाठीवर तो लिही. या कागदाची दुसरी बाजू छापील होती, घडीवर पिवळी पडलेली. मुलगी त्यावरून बोट फिरवू लागली.

"प्र-वे-श अर्ज." ती थांबली. "इथे र बरोबर आहे."

"दे इकडे," मालक म्हणाला.

तिने कागद छातीशी धरला आणि मान खाली घालून वाचत राहिली. छापील रेघेवर निळ्या शाईने लिहिलं होतं. ते अक्षर आईचं होतं. बियाण्यांच्या डब्यांवर हेच अक्षर असे.

"हे तर माझं नाव."

चिखल तुडवण्याचा आवाज थांबला. गवंड्याच्या हातातली थापीही थांबली. पाहुणीने कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं.

बोट खालच्या ओळीवर आलं. "इ-य-त्ता... पहिली." शब्द तिने दोनदा जुळवून पाहिला. वाचता आला, पण कळला नाही. तिने वर पाहिलं, बाबांच्या पलीकडे.

"आई, इयत्ता म्हणजे काय?"

आई चिखलातून बाहेर आली.