न मरणारी सोंगटी

एकेचाळीस डावांत दोनशे त्र्याऐंशी सोंगट्या मेल्या. त्यांत इक्थिओसॉर एकही नव्हता.

चारही प्रकारांना समान संधी धरल्यास इक्थिओसॉर सत्तर तरी मरायला हवे होते. हा हिशेब देवमन इंगोल्याने तीनदा तपासला होता. तो इंझोरीच्या शाळेत विज्ञान शिकवी. कॉलेजात असताना वाचलेल्या एका पुस्तकावरून त्याने दोन वर्षे खपून हा खेळ रचला होता: निळ्या रंगवलेल्या पुठ्ठ्याचा समुद्र, चार खेळाडू आणि प्रत्येकाकडे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे चार जलचर सरडे. लांब मानेचा प्लेसिओसॉर, आखूड मानेचा प्लायोसॉर, मगरीसारखा मोसासॉर आणि माशासारखा इक्थिओसॉर. फासा टाकायचा, चारांपैकी हवा तो प्राणी हलवायचा, दुसऱ्याच्या घरात पोचला की त्याला मारायचे. मेलेला परत येत नसे. हे चौघे एका काळात एकत्र नव्हते, अशी कबुली नियमपत्रिकेच्या तळाशी होती. तिची पहिली ओळ होती: ‘समुद्राला दया नसते.’

हा खेळ त्याने जिल्ह्याच्या शैक्षणिक खेळांच्या स्पर्धेला पाठवला होता; निवडलेला खेळ जिल्ह्यातल्या प्रत्येक हायस्कुलात जाणार होता. परंतु अकोल्याहून परीक्षकांचे पत्र आले. एक प्राणी कधीच मरत नाही, त्या अर्थी खेळ सदोष आहे. कारण सोमवारपर्यंत लेखी न कळवल्यास प्रवेश रद्द. डावांचा तक्ता देवमननेच प्रामाणिकपणे जोडला होता.

पहिला संशय फाशावर गेला. फासा आणि सोंगट्या मंगरूळपीरच्या शफीक खराद्याने लाकूड कातून केल्या होत्या.

“शफीकभाई, फासा खोटा आहे.”

“गुरुजी, बापानं मरताना खराद देला मले, अन् इमानबी देलं,” शफीक म्हणाला. “फेकून पाहा ना. हात तं तुमचेच हायेत.”

देवमनने फासा बाराशे वेळा फेकला. सहा एकशे सत्त्याण्णव वेळा पडले, तीन दोनशे चार वेळा, आणि बाकीचे आकडेही तसेच आसपास. त्याने तो कागद शफीकला नेऊन दाखवला. माफी मागण्याची त्याला तेवढीच रीत येत होती.

मग त्याने पट मोजला. घरे सारखी होती. सोंगट्या तराजूत घातल्या. इक्थिओसॉर इतरांपेक्षा साडेतीन ग्रॅम हलका भरला, कारण पुस्तकातल्या जीवाश्माबरहुकूम त्याच्या कुशीला खिडकी कोरून घेतली होती आणि आत ज्वारीच्या दाण्याएवढे पिलू बसवले होते. वजनाचा फाशाशी संबंध नव्हता. तरी त्याने नोंद केली.

रविवारी दुपारी शाळेच्या ओसरीवर बेचाळिसावा डाव मांडला. शफीक सकाळच्या एस.टी.ने आला होता. शेजारचा ग्यानबा आणि त्याची बायको लिलाबाई नेहमीप्रमाणे समोर बसली. चौथा देवमन. या खेपेस त्याने पटाकडे न पाहता हातांकडे पाहायचे ठरवले.

ग्यानबाचा मोसासॉर लिलाबाईच्या इक्थिओसॉरपासून पाच घरांवर होता. ग्यानबाला पाच पडले. मारले असते तर डाव त्याचा होता. त्याचा हात मोसासॉरवर गेला, थांबला, आणि त्याने प्लेसिओसॉर पाच घरे पुढे सरकवला, थेट शफीकच्या तोंडात. शफीकने तो तत्काळ मारला.

“घ्या! हरले आमचे पाटील,” लिलाबाई हसली.

“ग्यानबा,” देवमन म्हणाला, “पाचावर हिचा प्राणी मरत होता. काहून नाही मारला?”

ग्यानबाने त्याच्याकडे नवल वाटून पाहिले. “गुरुजी, गाभन हाये ना ते.”

“लाकूड आहे ते.”

“हो ना. मले मालूम हाये.”

“गाभनीले कोन मारते?” लिलाबाईने विचारले. “तुमी कायले इचारून राह्यले? तुमी तरी कुठं मारता?”

“मी कधी…” देवमन म्हणाला आणि त्याने वही उघडली.

एकेचाळीस डावांत तोही खेळला होता. प्रत्येक चाल त्याच्याच अक्षरात होती. इक्थिओसॉर मारण्याची संधी त्याला एकोणीस वेळा आली होती. एकोणीसही वेळा त्याने दुसरी सोंगटी हलवली होती आणि समासात कारण लिहिले होते: ‘डावपेच’. त्यातल्या चौदा डावांत तो हरला होता.

त्याने वही सगळ्यांना दिसेल अशी पटाशेजारी ठेवली.

“फिकर नका करू, गुरुजी,” शफीक म्हणाला. त्याने पिशवीतून लाखेची कांडी काढली. “पिल्लू काढतो, पेट लाखेनं भरून देतो. अर्ध्या घंट्याचं काम हाये. मंग मरतीन पटापटा.”

उपाय अचूक होता. देवमनने इक्थिओसॉर उचलला, टाचणीचे टोक पिलाच्या मागे घातले आणि धरून ठेवले. लिलाबाईने मान वळवली. टाचणी त्याने तशीच बाहेर काढली, प्राणी होता त्या घरात ठेवला आणि पत्राचा कागद मागवला.

‘महोदय,’ त्याने लिहिले, ‘फासा, पट व सोंगट्या निर्दोष आहेत. नियमपत्रिकेची पहिली ओळ समुद्रापुरती खरी आहे. इक्थिओसॉर मरत नाही, कारण ती मादी गाभण आहे आणि प्रस्तुत लेखकासह एकही खेळाडू तिला मारत नाही.’