आमरीचा दांडा

“लीला, कुंकू लावलंस का गं?”

“लावलं, आई.”

“मग घाल तिला पाणी.”

शिवाजी पेठेतल्या त्या दोन खोल्यांत दिवस असा उजाडायचा. ‘ती’ म्हणजे मागच्या दाराशी, जांभळाच्या ओंडक्यावर काथ्यानं बांधून उंच टांगलेली आमरी, रानातलं फुलझाड. माती नाही, कुंडी नाही, मुळ्या हवेत लोंबकळत. लीला स्टुलावर चढून पाणी शिंपडायची. पांढऱ्या मुळ्या हिरव्या झाल्या की थांबायचं. दुपारच्या उन्हाला गोणपाट आडवं बांधायचं. शेजारच्या विठाबाई नाक मुरडायच्या, “बांडगूळ ते! त्याचे काय एवढे लाड?” एवढे लाड पेठेत फक्त तालमीतल्या पैलवानांचे होत.

संस्थान विलीन झालं त्या वर्षी लीलाचा नवरा माधव आफ्रिकेला गेला. मोंबासाला, रेल्वेत कारकून म्हणून. जाण्याआधी दाजीपूरच्या रानातली ही आमरी त्यानं आईसमोर टांगली. “ही फुलली की समज, मी परत निघालो,” म्हणाला. त्याला पाच वर्षं झाली. आमरी फुलली नव्हती.

कालिंदीबाई रोज चौकटीला टेकून तिच्याकडे बघत बसत. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून त्यांच्या अंगावर लाल आलवण आणि पदरात हा एकुलता एक मुलगा. दुपारी चष्मा लावून त्या मोठ्यानं पोथी वाचत. सून नवी होती तेव्हा त्यांनी तिला कुंकवाचं कधी विचारलं नव्हतं. माधव गेल्याच्या दुसऱ्या वर्षापासून मात्र हा प्रश्न एक दिवस चुकला नाही. आईचं मन, दुसरं काय!

चैत्रात जोतिबाची यात्रा करून दाजीपूरचा जोतीराम आला. कपाळभर गुलाल, हातात मधाची बाटली. रानातून आमरी माधवला त्यानंच काढून दिली होती.

“फुलली न्हाय व्हय अजून?”

“कुठली रे बाबा,” कालिंदीबाई म्हणाल्या. “माझ्या छातीचं दुखणं काही बरं दिसत नाही. एकदा फूल बघितलं की डोळे मिटायला मोकळी.” आणि धापा टाकत त्या पोथी वाचायला आत गेल्या.

जोतीरामानं ओंडका खाली उतरवला. पानं बाजूला सारून पाहिली.

“वैनी, झाड झकास हाय. पर ह्ये बघा. हितं दांडा आलता. हितंबी आलता. फुलायच्या आदीच कुणीतरी नखानं खुडलाय.”

लीलानं आतल्या दाराकडे पाहिलं. पोथीचा आवाज येत होता.

“मीच,” ती म्हणाली.

जोतीरामानं ओंडका भिंतीला टेकवला.

“ते गेले, जोतीराम. दुसऱ्याच वर्षी. काविळीनं. मोंबासाहून त्यांच्या मित्राचं पत्र आलं. आई देवळात गेल्या होत्या, म्हणून माझ्या हातात पडलं. एकदा वाचलं आणि ट्रंकेत शालूखाली ठेवून दिलं. पुन्हा हात लावायचा धीर झाला नाही. ही फुलली असती आणि ते आले नसते, तर काय सांगणार होते मी आईंना?”

“आन् ह्ये समदं तुमी एकलीनंच सोसलं?”

“रोज कुंकू लावते. खोटं कुंकू ते.” एवढं बोलून ती रडली. इतक्या वर्षांत माणसासमोर पहिल्यांदाच रडली.

जोतीरामानं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. म्हणाला, “म्हातारीचं आता किती दिस ऱ्हायल्यात? फूल तरी बघू द्या की तिला.”

पानांच्या बेचक्यात यंदाचा दांडा डोकावत होता, बोटाच्या पेराएवढा.

“यंदा नाही खुडणार,” लीला म्हणाली. या वेळी तिचा आवाज चढला. “फूल येऊ दे. त्याच दिवशी पत्र त्यांच्यापुढं ठेवते. कुंकू पुसायचं तर पुसते.”

आत पोथी थांबली. चष्मा पुसत असतील. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली.

दांडा वाढत गेला. चार बोटं लांब झाला, बारीक जांभळट कळ्या धरल्या. लीला रोज त्या मोजायची. पण तिनं नख लावलं नाही.

“कळ्या आल्या, आई.”

“दिसल्या गं,” कालिंदीबाई म्हणाल्या. खूप वेळ बघत बसल्या. “छान आहेत हो.”

अक्षय्य तृतीयेला पहिली कळी उमलायला आली होती. लीला सकाळीच रंकाळ्यावर धुणं धुवायला गेली. परतली तेव्हा कोपऱ्यातलं स्टूल आमरीखाली आलेलं होतं. दांडा नव्हता. पानांच्या बेचक्यात नखाची खूण होती, अजून ओली.

पिळे तिच्या हातातून खाली पडले. कुणी खुडला हे विचारायची गरजच नव्हती. म्हातारीला मुलाची वाट बघणंच हवंय, तो येणार की नाही हे कळायला नकोय, असं तिला वाटलं. पण आता मागं फिरायचं नाही. फुलाशिवाय सांगायचं.

ती तडक आत गेली. ट्रंक उघडून शालूखालचं पत्र काढलं.

पत्र घड्या-घड्यांवर विरलं होतं. शंभरदा उघडून मिटलेल्या कागदासारखं. तिनं तर ते एकदाच वाचलं होतं. तिनं ते जपून उलगडलं. आत आमरीचा दांडा होता. हिरवागार, कळ्यांसकट.

बाहेर चौकटीशी धाप लागल्याचा आवाज येत होता.

“लीला,” कालिंदीबाईंनी हाक मारली, “कुंकू लावलंस का गं?”