चौसष्ट ठोके

"आज युनियनच्या मीटिंगमध्ये एक तरी पायलट टेबलावर हात आपटणार," कॅप्टन खोपकर शेजारच्या कॅप्टन सामंतांना म्हणाले. "नाही आपटला, तर सोसायटीच्या गेटवर वीस उठाबशा काढीन."

नोकऱ्या वाचाव्यात म्हणून पायलटांनी गेल्या वर्षी कानामागे चिप बसवून घेतली होती. ड्युटीवर ती काळजाचे ठोके चौसष्टच्या वर जाऊ देत नसे. राग नाही, भीती नाही. आता कंपनी म्हणत होती, चिप घरीही चालू ठेवा, नाहीतर तीनशे जण घरी बसा. घरी तरी बायकोशी मनसोक्त भांडता यावं, एवढंच खोपकरांना हवं होतं.

कंपनीने मीटिंगला विमानतळावरचा हॉल फुकट दिला, तोही ड्युटीच्या वेळेत. युनियनवाले खूश. चिपा चालू आहेत, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. खोपकर विरोध करायला तावातावाने उठले आणि "चालेल" म्हणून खाली बसले. ठराव एकमताने पास झाला, त्याच दिवसापासून लागू.

संध्याकाळी गेटवर अख्खी सोसायटी जमली. सामंत मोठ्याने मोजत होते.

"अहो, चारचौघांत लाज नाही वाटत?" बायको फणकारली.

अकराव्या उठाबशीला खोपकर थांबले. त्यांनी मनात चाचपून पाहिलं.

"नाही गं," ते शांतपणे म्हणाले आणि बाराव्या उठाबशीला खाली बसले.