बिटाची कोशिंबीर

"खा गं हेमांगी, रक्त वाढेल," म्हणत अनसूयाबाईंनी सुनेपुढे बिटाची कोशिंबीर ठेवली.

"आई, रक्त वाढवणारं हार्मोन किडनीत बनतं. माझी किडनीच थकलीय. त्यात बीट मला चालत नाही, डॉक्टरांनी बजावलंय."

"म्हणजे माझ्या हातचं काहीच नको, असंच म्हण की!" वाटी झाकून त्या रिकाम्या हातांनी बसून राहिल्या.

हेमांगीनं फ्रिजमधून त्याच हार्मोनचं इंजेक्शन काढलं. "हे असं गार टोचलं ना, की फार झोंबतं."

"आण इकडं." अनसूयाबाईंनी ते दोन्ही तळव्यांत अलगद धरलं आणि देवापुढे बसावं तशा बसल्या.

तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली. एरवी दुसरीलाच धावणाऱ्या अनसूयाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"गॅस तूच बंद कर गं," त्या ऐटीत म्हणाल्या, "माझे हात गुंतलेत."