इंजिनाचे दात

"याचे दात बघू," गुरुपादप्पा म्हणाले.

समोर बैल नव्हता. नांदेडला देगलूर नाक्यापाशी रत्नम्माचं जुन्या गाड्यांच्या सामानाचं आवार होतं, आणि तिथं टायरांवर शेजारी शेजारी दोन इंजिनं बसवून ठेवली होती. दोन्ही एकाच जातीची. एक पुसून लखलखीत केलेलं, दुसरं इतकं काळं की त्याच्यावर बसलेली माशी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती.

"अप्पा, इंजिन हाय ते," दामिनी वडिलांना हळू आवाजात म्हणाली.

"मला दिसायलंय की. वय बघायचं तर दात नको का बघायला?"

एरवी ती हसली असती. पण लातूरला बायकांना गाडी शिकवायचा तिचा क्लास होता, आणि क्लासला गाडी एकच, सतरा वर्षांची, छोटी. गुरुवारी तिचं इंजिन जाम झालं होतं. सोमवारी नऊजणींची लायसनची परीक्षा. दुसऱ्या कुणाची गाडी मागून आणण्यात अर्थ नव्हता, कारण त्या नऊजणींना गाडी चालवता येत नव्हती, हीच गाडी चालवता येत होती. आणि रत्नम्माच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं : उचललेला माल परत होणार नाही.

दामिनीनं लातूरहून सोबत आणलेल्या भागवत मिस्त्रीनं आपलं काम केलं होतं. प्लगच्या भोकातून बारका कॅमेरा आत घालून मोबाइलवर दोन्ही इंजिनांचं पोट बघून झालं होतं. दोन्ही निरोगी. मग राहिला फक्त पळण्याचा हिशेब.

"लखलखीत उचला मॅडम," तो म्हणाला. "तेवीस हजार किलोमीटर फक्त. काळं दीड लाख पळालंय."

"डॉक्टरच्या गाडीचं हाय," रत्नम्मा खुर्चीतूनच म्हणाली. "लई जपून वापरलेलं. काळं अर्धापूरच्या केळीवाल्याचं. रोज हैदराबाद."

हाळीच्या बाजारात चाळीस वर्षं बैल पारखलेला माणूस हे सगळं ऐकून घेत होता आणि त्यातलं काहीच मनावर घेत नव्हता. बैलाच्या मालकानंही बैल जपूनच वापरलेला असतो, हे त्याला ठाऊक होतं. गुरुपादप्पांनी लखलखीत इंजिनाच्या पाठीवरून तळहात फिरवला. इंजिनाची कातडी थरथरली नाही. त्यांनी मान हलवली, जणू एवढं तरी बरं झालं.

"तोंड कुठाय याचं?"

"भिंतीकडं हाय, अप्पा," भागवत हसू दाबत म्हणाला. "थांबा, फिरवतो. आ करायला तुमीच सांगा."

त्यानं इंजिन टायरावर गर्रकन फिरवलं, आणि त्याचं हसू अर्ध्यातच राहिलं.

मागच्या बाजूला ताटाएवढं, जाड लोखंडी चाक होतं, आणि त्याच्या सगळ्या कडेनं दात होते. भागवतनं ते हजार वेळा पाहिले होते. किल्ली फिरवून सेल्फ मारला की सेल्फचं छोटं चाक याच दातांना चावतं आणि इंजिन जागं होतं. जेवढे सेल्फ, तेवढी दातांची झीज. हे त्याला शिकवलेलं होतं, आणि पाठही होतं. फक्त आठवलं नव्हतं.

गुरुपादप्पांनी अंगठा दातांवरून फिरवला, बैलाचा ओठ वर करून फिरवावा तसा. "झिजलेत," ते म्हणाले. "म्हातारं हाय हे. रंगवून बाजारात आणलंय."

दामिनी खाली वाकली. दातांची टोकं भाकरीच्या काठासारखी गोल झाली होती. तेवीस हजार किलोमीटर, आणि एवढे सेल्फ? अशी एकच गाडी तिच्या ओळखीची होती. ती दिवसातून ऐंशी वेळा बंद पडायची, ऐंशी वेळा चालू व्हायची, आणि एवढ्या सगळ्यात जेमतेम अडीच किलोमीटर जायची.

"अक्का," ती म्हणाली, "ही गाडी शिकवणीची होती का?"

रत्नम्मानं जरा वेळ आभाळाकडं बघितलं. "डॉक्टरचीच हो. डॉक्टरीणबाई शिकत होत्या."

"किती वर्षं?"

"अय्यो, अजून शिकायल्यात. नव्या गाडीवर."

आता भागवतनं न सांगता काळं इंजिन फिरवलं. गुरुपादप्पांनी चाकावरची काजळी धोतराच्या सोग्यानं पुसली. खाली दात करवतीसारखे उभे होते. सकाळी एकदा चालू, मुक्कामाला बंद, एवढंच त्या इंजिनानं केलेलं. आणि दामिनीच्या क्लासच्या गाडीला दिवसाला ऐंशी सेल्फ सोसणारे दातच हवे होते. भागवतनं मोबाइल बंद करून खिशात घातला आणि, सत्तरी उलटलेल्या त्या माणसाच्या शेजारी उकिडवा बसून, त्यानंही एक अंगठा दातांवरून फिरवून बघितला.

"हेच," दामिनी म्हणाली. आपला आवाज देवळात बोलल्यासारखा का निघाला, हे तिला कळलं नाही.

आवारातल्याच दोराचा फास घालून भागवतनं आणि तिथल्या तीन पोरांनी काळं इंजिन टेम्पोत चढवलं. दामिनी पुढं जाऊन बसली. गुरुपादप्पा मात्र मागंच थांबले. त्यांनी इंजिनाभोवतीचा दोर सोडला, त्याची नीट गुंडाळी केली आणि रत्नम्मापुढं धरली.

"ठेवा बाई. जनावर जातंय, दावं घरीच राहू द्यावं. गोठा मोडू नये."

तिनं आजवर किती इंजिनं विकली याची तिलाच गणती नव्हती. रत्नम्मा खुर्चीतून उठली, डोक्यावर पदर घेतला, आणि तेलानं माखलेला तो दोर दोन्ही हातांनी घेतला.