मफिननंतर वॅफल

लॉइडनं सापाच्या काचेच्या पेटीला पुन्हा हात लावून बघितला.

"अरे, शेकून काढशील त्याला," आर्डिस म्हणाली.

"खालच्या गरम गादीची वायर निघाली तर?"

"मघाशीच बघितलीस ना!"

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या मागच्या कडक हिवाळ्यात पेटीखालच्या गरम गादीची वायर निघाली आणि मफिन सकाळी निपचित सापडला. बारा वर्षं सांभाळलेला साप. लॉइडनं कोळसे पेटवून अंगणातली गोठलेली जमीन मऊ केली आणि बिस्किटांच्या डब्यात घालून त्याला पुरलं. मग महिनाभर तो कुणाशी धड बोलला नाही. शेवटी आर्डिसनंच हा वॅफल आणला. तिला सापांची भीती वाटायची, पण नवऱ्याच्या गप्प बसण्याची जास्त.

"हाही गेला तर पुन्हा काही पाळणार नाही," लॉइडनं तेव्हाच सांगून टाकलं. "माझ्या हाताला यशच नाही."

आणि जानेवारीत नको तेच झालं. दोघं मुलीकडे गेले, वादळात तिथेच अडकले आणि इकडे घरातली वीज गेली. परत आले तेव्हा वॅफल पाण्याच्या वाटीशी पडला होता. गारठलेला. उचलला तर नुसता लोंबला.

लॉइड खुर्चीत बसून रडायला लागला. आर्डिसनं डोळे मिटून साप स्वेटरच्या आत पोटाशी धरला आणि नवऱ्याला गाडीकडे ढकललं.

"मेलेल्याला कशाला डॉक्टर?"

"गप्प बस आणि पट्टा लाव."

प्राण्यांच्या डॉक्टर पेल्टोलाबाईंनी वॅफलला कोमट पेटीत ठेवलं. "बसा जरा," एवढंच म्हणाल्या. दोघं बाकावर बसून राहिले. त्यांच्या हातात दुसरं होतं तरी काय!

बऱ्याच वेळानं वॅफलची जीभ बाहेर आली. मग शेपटी हलली.

लॉइड पोरासारखा हसला. त्यानं बायकोला मिठी मारली, डॉक्टरबाईंनाही मारली.

"थंडीत हे असेच पडतात," त्या हसत म्हणाल्या. "श्वाससुद्धा दिसत नाही. आधी ऊब द्यायची, मगच मेला म्हणायचं. बरं, तुमचा आधीचा कशानं गेला?"

"म्हातारा झाला होता," आर्डिस घाईघाईनं म्हणाली.

"असाच पडला होता," लॉइड म्हणाला.